व्हिएतनाम, दिवस चौथा ते सहावा : ह्वे शहर आणि तिथे आठवलेला आमचा थिबा राजा

दिवस चौथा (दुपारनंतर)

होई आनमधून निघताना खरं तर पाय निघत नव्हता, पण आमच्या ह्यांनी ट्रेनचं तिकीट आधीच काढलेलं. दा नांगपर्यंत टॅक्सी आणि तिथून ह्वेपर्यंत ट्रेन, साधारण अडीच-तीन तास लागतात. बसने लवकर होतं कारण रस्ता हाय वानच्या डोंगराखालच्या सहा किलोमीटरच्या बोगद्यातून जातो, पण ट्रेन डोंगराला वळसा घालून अगदी समुद्राच्या कडेने जाते आणि त्यासाठीच ती घ्यायची. दा नांगहून येताना समुद्र उजव्या हाताला असतो, त्यामुळे सीट निवडताना उजवीकडची घ्या. मी रत्नागिरीची, कोकण रेल्वेने शंभर वेळा आले-गेले असेन, पण आपल्या गाडीतून समुद्र असा सलग दिसत नाही, इथे अर्धा-पाऊण तास खाली पांढरी वाळू, फेस, हिरवीगार झाडी आणि ट्रेन आपली हळूहळू वळणं घेत चाललेली. हे खिडकीला चिकटून बसले होते, एक शब्द बोलले नाहीत.

ह्वेला उतरलो तर बारीक पाऊस. स्पेलिंग बघून आम्ही घरून निघेपर्यंत ह्यू ह्यू म्हणत होतो, तिथले लोक ह्वे म्हणतात. पाऊस म्हणजे आपला श्रावणातला असतो तसा, छत्री उघडावी की नको असा. हॉटेलवर बॅगा टाकल्या, नदीवर थोडं फिरलो, दमलो होतो, झोपलो. त्या दिवसाचं एवढंच.

दिवस पाचवा

हा दिवस मात्र सविस्तर लिहिणार आहे कारण अख्ख्या ट्रिपमधला माझ्यासाठी हा दिवस सगळ्यात मोठा ठरला.

सकाळी सातला मी एकटीच खाली उतरले, हे शाकाहारी असल्यामुळे ह्यांना त्यात रस नव्हता, पण मला कम हेन खायचं होतं. नदीत एक छोटं बेट आहे, त्याच्या आसपास मिळणाऱ्या नखाएवढ्या शिंपल्या, त्या शिजवून गार भातावर घालतात, वरून शेंगदाणे, बारीक चिरलेला हिरवा पाला, कोळंबीच्या आंबवलेल्या पेस्टचा एक ठसका, मिरची आणि बाजूला त्याच शिंपल्यांचं गरम पाणी. आमच्याकडे तिसऱ्यांचं सार करतात ना, ते पाणी वाटीने प्यायलं आणि डोळ्यासमोर आईचं स्वयंपाकघर आलं. तिखटसुद्धा खरंच तिखट होतं. व्हिएतनाममध्ये बाकी ठिकाणी जेवण जरा सौम्य असतं, ह्वेवाले मात्र मिरची खातात.

आठला गाईड आली, पंचविशीतली मुलगी, इंग्लिश छान, आणि मला पहिल्या मिनिटापासून को म्हणायला लागली. को म्हणजे आत्या. तिकडे मॅडम वगैरे नाही, समोरच्या माणसाच्या वयावरून आत्या, काका, ताई असं नातं लावूनच बोलतात, आपल्यासारखंच. मग मीही तिला बाळा म्हणायला लागले.

पहिल्यांदा राजवाडा. रचना अशी की बाहेर मोठा किल्ला, त्याची तटबंदी जवळजवळ दहा किलोमीटर, बाजूने खंदक, त्याच्या आत राजनगरी, तिची भिंत अडीच किलोमीटरची, आणि त्याच्याही आत फक्त राजाच्या कुटुंबासाठी असलेली जांभळी नगरी. तट सरळ नाहीत, कोन काढून बांधलेत, युरोपात तोफांच्या काळात बांधायचे तसे. न्गुयेन घराण्याचा पहिला सम्राट झा लाँग १८०२ मध्ये गादीवर आला, त्यानंतर दोन-तीन वर्षांत काम सुरू झालं आणि त्याचा मुलगा मिन मांग ह्याच्या काळात १८३२ ला पूर्ण झालं. हे लगेच म्हणाले, "अगं म्हणजे आपल्याकडे १८१८ ला पेशवाई बुडाली तेव्हा इथे हा तट अर्धा झाला होता." किल्ल्यात गेले की ह्यांचं असं चालू होतं, पण खरं सांगायचं तर तारखा अशा शेजारी ठेवल्या की मलाही पटकन कळतं.

आत जायचा दरवाजा म्हणजे न्गो मोन. पाच वाटा आहेत, मधली फक्त सम्राटासाठी, तिच्या दोन बाजूच्या दरबाऱ्यांसाठी आणि अगदी कडेच्या सैनिक, हत्ती, घोडे यांच्यासाठी. वर सज्जा आहे, मधल्या छपराची कौलं पिवळी आणि बाजूची हिरवी, पिवळा रंग राजाचा म्हणून. ह्याच सज्जात ३० ऑगस्ट १९४५ ला शेवटचा सम्राट बाओ दाई ह्याने राजमुद्रा आणि तलवार नव्या सरकारच्या लोकांच्या हातात दिली आणि राजेशाही संपली. तिथे उभं राहून समोर बघितलं तर मोठा ध्वजस्तंभ दिसतो आणि खाली शाळेची मुलं रांगेत चाललेली. तिकीट आम्ही गेलो तेव्हा माणशी दोन लाख डाँग होतं, म्हणजे साडेसहाशे-सातशे रुपये, आकडा ऐकून घाबरू नका.

पुढे थाय होआ, सिंहासनाचा दरबार. लाल खांब, एकूण ऐंशी, प्रत्येकावर सोनेरी ड्रॅगन. दुरुस्तीसाठी बरीच वर्षं बंद होता, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये परत उघडला, त्यामुळे आत्ता सगळं झळाळतंय. पण त्याच्या मागच्या दाराने बाहेर पडलो तर समोर काहीच नव्हतं. गवत. मध्ये दगडी पायऱ्या, जोती, आणि दोन मोठ्या काशाच्या कढया. इथे राजाची रोजची कचेरी होती, त्याच्या मागे राहायचे महाल, सगळं फ्रेंचांबरोबरच्या १९४७ च्या लढाईत जळालं आणि जे उरलं त्यातलं बरंचसं १९६८ मध्ये गेलं.

मी तिथेच थांबले. बाकी टुरिस्ट झरझर पुढे जात होते कारण बघायला काही नाही असं त्यांना वाटत असणार, पण आपण रायगडावर जाऊन काय बघतो, जोतीच बघतो की. इथे राणीवसा होता, इथे दरबार भरायचा, हे सगळं जोत्यावर उभं राहून मनात उभं करायची आपल्याला लहानपणापासून सवय आहे. त्यामुळे मला ते गवत रिकामं वाटलंच नाही. अगदी मागे किएन ट्रुंग नावाचा एक महाल पूर्ण नव्याने बांधून काढलाय, रंगीत तुकड्यांचं काम आहे, फोटोसाठी तिथे खूप गर्दी, तरुण मुलंमुली राजाराणीचे भाड्याचे कपडे घालून उभी. सुंदर आहे, पण मी परत येऊन गवताकडे बसले.

१९६८ बद्दल गाईड थोडं बोलली. तेत म्हणजे त्यांचं नवं वर्ष, अमेरिकेबरोबरचं युद्ध चालू असताना त्या सणाच्या सुट्टीत ३१ जानेवारीला कम्युनिस्ट फौजांचा हल्ला झाला आणि ह्या शहरात जवळजवळ महिनाभर घरोघर लढाई चालली. आम्ही गेलो तेही फेब्रुवारीचे पहिले दिवस, तेत पंधरा दिवसांवर आलेला, रस्त्यावर पिवळ्या फुलांच्या कुंड्या आणि छोट्या संत्र्यांनी लगडलेली झाडं स्कूटरच्या मागे बांधून लोक घरी नेत होते. ती म्हणाली तिची आजी तेव्हा किल्ल्याच्या आतच राहायची, आजही किल्ल्याच्या आत वस्ती आहे, आणि आजी अजून तेतच्या आधी चार दिवस नीट झोपत नाही. फटाक्यांवर तिकडे बंदी आहे ते बरंच आहे म्हणाली. भिंतीवर गोळ्यांच्या खुणा दाखवल्या. मी त्यांचे फोटो काढले नाहीत.

मग डाव्या अंगाला थे मिएउ, न्गुयेन सम्राटांचं पूर्वजमंदिर. समोर नऊ प्रचंड काशाचे कलश आहेत, मिन मांगने १८३५ ते १८३७ मध्ये ओतवलेले, एकेक दोन-अडीच टनांचा, एकेक कलश एकेका सम्राटाच्या नावाचा. त्यांच्यावर काय कोरलंय ते जवळून बघा. मला वाटलं देवदेवता असतील. तर डोंगर, नद्या, वाघ, तोफ, शिडाचं जहाज, आणि चक्क फणस, भात, कांदा! राजाने आपला अख्खा देश त्या कलशांवर लिहून ठेवलाय आणि त्यात कांदासुद्धा सोडला नाही. ह्यांनी फणस शोधून काढला, मला हाक मारून दाखवला, कोकणातल्या बायकोसाठी म्हणून.

आत चपला काढून जायचं, ओळीने वेद्या, फुलं, फळं, उदबत्त्या. आणि इथे गाईडने जे सांगितलं त्यामुळे आमचा पुढचा सगळा दिवस बदलला. तेरा सम्राट झाले, पण इथे वेद्या सगळ्यांच्या नाहीत. त्यातले तीन राजे फ्रेंचांच्या विरोधात गेले म्हणून फ्रेंचांनी त्यांना गादीवरून काढून देशाबाहेर पाठवलं, हाम न्गी अल्जीरियाला, आणि थान थाय व त्याचा मुलगा युई तान दोघं रियुनियन बेटावर, म्हणजे पार आफ्रिकेजवळ. राजेशाही संपल्यानंतर बऱ्याच वर्षांनी ह्या तिघांच्या वेद्या इथे बसवल्या.

युई तानची गोष्ट अशी की बापाला काढून १९०७ मध्ये त्याला गादीवर बसवला तेव्हा तो सात वर्षांचा. लहान पोरगं आपलं ऐकेल असा हिशोब असणार. पण तो मोठा होत गेला आणि १९१६ च्या मे महिन्यात रात्री राजवाड्यातून वेश बदलून उठाववाल्यांबरोबर निघून गेला. पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा! उठाव फसला, काही दिवसांत पकडला, साथीदारांना मारलं, आणि ह्याला बापाबरोबर बोटीत घालून रियुनियनला.

मी ऐकता ऐकता एकदम म्हटलं, अहो, १९१६. आणि ह्यांनाही लगेच कळलं. १९१६ ला आमच्या रत्नागिरीत थिबा राजा वारला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचलला आणि पुढे रत्नागिरीत आणून ठेवला, तीस वर्षं तो तिथे होता, शेवटी त्याच्यासाठी तो लाल वाडा बांधला ज्याला आपण थिबा पॅलेस म्हणतो. शाळेची सहल तिथे, संध्याकाळी फिरायला थिबा पॉइंट, खाली भाट्याची खाडी, सगळं लहानपण त्या राजाच्या नावाशेजारी गेलंय माझं. आणि तरी मी कधी असा विचार केला नव्हता की ज्या महालातून त्याला काढलं तो महाल कसा असेल, तिथे मागे कोण राहिलं असेल. इथे मी दुसऱ्या टोकाला उभी होते. आम्ही रत्नागिरीकर म्हणजे राजा जिथे आणून टाकला तिथले लोक, आणि ह्वेवाले म्हणजे ज्यांचा राजा नेला ते लोक.

मी त्या मुलीला हे सगळं सांगितलं. तिला थिबा माहीत नव्हता. तिने पहिला प्रश्न विचारला, मग तो परत गेला का? मी म्हटलं नाही, त्याची राणी सुपायालत रंगूनला परत गेली, तिची समाधी तिकडे, राजाची रत्नागिरीत. ती गप्प झाली. मग म्हणाली, आमचा युई तान परत आला. १९४५ मध्ये आफ्रिकेत विमान अपघातात गेला, पण १९८७ मध्ये त्याचे अवशेष ह्वेला आणले आणि बापाशेजारी पुरले. गावातच आहे, पण टुरिस्ट जात नाहीत.

प्लॅनमध्ये दुपारी तीन राजांच्या समाध्या होत्या. मी म्हटलं त्यातल्या दोन कमी करा, पण तिथे जायचं.

जेवण. इथे ह्यांचा दिवस होता. आपली माघी पौर्णिमा आदल्या दिवशी झाली होती आणि त्यांच्या पंचांगात पंधरावी तिथी त्या दिवशी होती. बौद्ध लोक अमावस्येनंतरची पहिली तिथी आणि पंधरावी ह्या दोन दिवशी मांसमच्छी खात नाहीत, आणि ह्वे म्हणजे पगोडांचं शहर, त्यामुळे जिकडेतिकडे शाकाहारी. पाटीवर सी एच ए वाय असं लिहिलेलं बघा, वाचायला चाय पण त्याचा अर्थ शाकाहारी, हा एक शब्द पाठ केलात तर व्हिएतनाममध्ये उपाशी राहणार नाही. बान बेओ म्हणजे छोट्या वाट्यांमध्ये उकडलेली तांदळाची पातळ चकती, वर वाटलेली मूगडाळ. बान नम तर मी पान उघडलं आणि ओरडलेच, पातोळ्या! आपण हळदीच्या पानात करतो ते हे केळीच्या पानात करतात, आत गूळखोबऱ्याऐवजी तिखटमिठाचं सारण. ह्यांनी मोजून अकरा खाल्ले. नंतर मीठ घातलेली कॉफी प्यायलो, ती ह्वेचीच आहे, दुधाच्या फेसात मीठ असतं आणि खाली कडक कॉफी, मला आवडली, ह्यांना नाही.

मग थिएन मू पगोडा, नदीच्या काठी टेकाडावर. १६०१ मध्ये न्गुयेन होआंग नावाच्या सरदाराने बांधला, समोरचा सात मजली मनोरा नंतरचा, १८४४ चा. गोष्ट अशी सांगतात की त्या टेकडीवर एक म्हातारी दिसायची आणि म्हणायची की इथे एक राजा येईल आणि देऊळ बांधेल. तिच्यावरून नाव, स्वर्गातली म्हातारी. मागच्या अंगणात एक निळसर ऑस्टिन गाडी ठेवलीय. ह्याच गाडीतून ११ जून १९६३ ला थिच क्वांग दुक हे भिक्खू सायगावच्या चौकात उतरले, मांडी घालून बसले आणि बौद्धांवरच्या जुलमाविरुद्ध स्वतःला जाळून घेतलं. तो फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. गाडी अगदी साधी, घरातल्यासारखी. पौर्णिमेची गर्दी होती, मंत्र चालले होते, आम्ही कडेला बसलो.

तिथून खाई दिन्हची समाधी, गावापासून दहाएक किलोमीटर, डोंगराच्या उतारावर. १२७ पायऱ्या, गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा, पाऊस असेल तर दगड निसरडे होतात. बाहेरून काळपट सिमेंट, दगडी दरबारी आणि हत्तीघोडे दोन्ही बाजूंना उभे, आणि आत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. भिंती अख्ख्या काचेच्या आणि चिनीमातीच्या तुकड्यांनी भरलेल्या, ऋतूंची फुलं, फळं, पक्षी, छतावर ढगांत लपलेले ड्रॅगन रंगवलेले, मध्ये सोन्याचा मुलामा दिलेला राजाचा पुतळा आणि त्यावर छत्र. ते छत्र मऊ कापडासारखं झुलतंय असं वाटतं, आहे मात्र काँक्रीटचं आणि टनभर वजनाचं. १९२० ते १९३१ अकरा वर्षं काम चाललं. कारागिरांच्या हाताला नमस्कार करावा असं काम आहे आणि तसा मी केलाही. पण युई तानला काढल्यावर १९१६ मध्ये फ्रेंचांनी गादीवर बसवला तो हाच राजा, आणि ह्या समाधीसाठी त्याने लोकांवरचा कर वाढवला होता हे कळल्यावर माझं मन तिथे लागेना.

येताना उदबत्त्या बनवणारी गल्ली लागते, लाल पिवळ्या जांभळ्या काड्यांच्या जुड्या फुलासारख्या उघडून वाळत ठेवतात, सगळे फोटो काढतात. मी एक जुडी विकत घेतली.

आता अडचण आली. ड्रायव्हर म्हणाला ती जागा लिस्टमध्ये नाही. जिथून गाडी ठरवली होती त्या माणसाला फोन लावला, तो तयार होईना, शेवटी दीड लाख डाँग जास्त द्यायचे ठरले. सकाळी तोच माणूस म्हणाला होता की पाच वाजेपर्यंत गाडी तुमची, कुठेही न्या, त्यामुळे मला राग आला. पण वेळ जात होता, ह्यांनी पैसे काढून दिले आणि म्हणाले, "अगं चल, अंधार पडेल." गाडी ठरवताना सगळी ठिकाणं मेसेजमध्ये लिहून घ्या.

जागेचं नाव आन लांग. मुळात ही थान थायचा बाप दुक दुक ह्याची समाधी. तो १८८३ मध्ये तीन दिवस राजा होता, मग दरबाऱ्यांनीच त्याला काढून कोंडलं आणि तो कैदेत उपाशी मेला. तीन पिढ्या, आजोबा, बाप, मुलगा, तिघांनाही गादीवरून काढलेलं, आणि तिघं एका आवारात. थान थायला १९४७ मध्ये देशात परत येऊ दिलं, म्हणजे जिवंत आला, पण १९५४ मध्ये सायगावात गेला, मग इथे आणला.

तिथे आमच्याशिवाय कोणीही नव्हतं. पाऊस थांबला होता, झाडांवरून थेंब पडत होते, पलीकडच्या घरातून टीव्हीचा आवाज येत होता. दुपारच्या त्या झगमगाटानंतर ही थडगी बघितली, अगदी साधी, आपल्या गावात एखाद्या बऱ्या घरच्या माणसाची असावी इतकीच. १२७ पायऱ्या नाहीत, काच नाही. मी जुडी सोडली, गाईडने सांगितलं तीन लाव, मग मी तीन थान थायला आणि तीन युई तानला लावल्या. हे मागे टोपी काढून उभे होते. मी मनात थिबा राजाचंही नाव घेतलं. रत्नागिरीत वाढले तरी त्याच्या समाधीवर मी कधी उदबत्ती लावली नव्हती, हे तिथे आठवलं आणि डोळ्यात पाणी आलं. ती मुलगी जवळ येऊन माझा दंड धरून उभी राहिली.

संध्याकाळी नदीवर गेलो. ट्रांग तिएन पूल, एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी बांधलेला लोखंडी पूल, ६८ मध्ये तोही उडवला होता आणि नंतर दुरुस्त केला. रात्री त्यावर रंगीत दिवे लागतात, हळूहळू रंग बदलतात. पौर्णिमा म्हणून घराघरांसमोर छोटी टेबलं मांडून फळं, फुलं, उदबत्त्या, बायका कागद जाळत होत्या. काही जणी नदीत दिवे सोडत होत्या, कागदी फुलात मेणबत्ती. आम्हीही एक सोडला. बोटीचा फेरफटका केला नाही, उशीर झाला होता.

हॉटेलवर आल्यावर रत्नागिरीला दादाला फोन केला आणि म्हटलं उद्या सकाळी जरा थिबा राजाच्या समाधीवर जाशील का, तीन उदबत्त्या लाव आणि एक फोटो पाठव. दादा म्हणाला तिकडे व्हिएतनाममध्ये तुला हे काय सुचलं, मी म्हटलं आल्यावर सांगते.

दिवस सहावा

सकाळी निन बिनची ट्रेन. दोंग बा बाजारात एक चक्कर मारली, माझ्यासाठी ती ह्वेची टोपी घेतली, ताडाच्या पानांची, उजेडात धरली की आत कागदातून कापलेली कवितेची ओळ दिसते. स्टेशनवर बसलेलो असताना दादाचा फोटो आला. सकाळचं ऊन, समाधी, पुढे तीन उदबत्त्या, आणि कडेला दादाच्या स्कूटरचा आरसा आलेला. मी तो लगेच त्या मुलीला पुढे पाठवला. तिचं उत्तर ट्रेन सुटल्यावर आलं, को, हा मी आजीला दाखवते.